कानाशी धरलेलं पातं

माझ्या दाजींना ऐकू कमी येतं हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त सगळ्यांना ते माहीत आहे, हे दाजींना माहीत नव्हतं. समोरचा बोलायला लागला की ते मान डोलवायचे, मिशीतल्या मिशीत हसायचे आणि "बरोबर आहे" म्हणायचे. एकदा पोस्टमनने त्यांना सांगितलं की त्याची सासू गेली. दाजी म्हणाले, "बरोबर आहे." पोस्टमन नंतर माझ्या दुकानात येऊन बराच वेळ गप्प बसून होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुऱ्या करतात. भाजी चिरायच्या, मांस कापायच्या, चामडं कापायच्या, कलमं करायच्या. पुढच्या खोलीत भट्टी, ऐरण आणि कामाचं लांबलचक टेबल, मागे पातळ भिंतीपलीकडे ताईचं स्वयंपाकघर, आणि रस्ता ओलांडला की माझं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं मी काउंटरमागून हा माणूस बघत आलोय. माझ्या धंद्यामुळे एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कमी दिसायला लागलं की माणूस आधी दिव्याला दोष देतो, मग छापखान्याला, आणि शेवटी माझ्याकडे येतो. कमी ऐकू येणारा मात्र कोणाकडेच जात नाही. तो म्हणतो, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

मी दोनदा कानाच्या मशीनचा विषय काढला होता. पहिल्यांदा त्यांनी तो ऐकलाच नाही. दुसऱ्यांदा ऐकला, हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करायला घेतली.

आता, एखादा वाणी किंवा शिंपी ठार बहिरा झाला तरी त्याचं चालून जातं. दाजींचं सगळं काम कानावर उभं होतं. पातं लालभडक तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण त्या एका क्षणात कधीकधी आतून तडकतं. तडा केसाहून बारीक, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दाजी पातं दोन बोटांत लोंबतं धरायचे, लोखंडी सळईने हलकीच टिचकी मारायचे आणि कानाशी न्यायचे. अखंड पातं लांबवर गुणगुणत राहतं. तडकलेलं नुसतं ठक् म्हणतं आणि गप्प बसतं. हे ते गिऱ्हाइकासमोर करायचे, मूठ बसवायच्या आधी. अडतीस वर्षांत त्यांचं एकही पातं मोडून परत आलं नव्हतं, आणि या एका गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की तो त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचा. पण त्याच अडतीस वर्षांच्या घणाने कान खाल्ला. आधी जातात ते बारीक आवाज, म्हणजे नेमकं पात्याचं गुणगुणणं.

मग कान गेल्यावरची ही दोन वर्षं काम चाललं कसं? ताईमुळे. भिंतीपलीकडे भाकऱ्या थापताना, भांडी घासताना ती प्रत्येक पातं ऐकायची. वाजलं नीट तर ती आपल्या कामात. ठक् झालं तर दोन मिनिटांत चहा घेऊन बाहेर यायची. दाजी चहा घ्यायचे, पातं पुन्हा उजेडात धरायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हे नको. दुसरं करून देतो. परवा या." गिऱ्हाईक थक्क व्हायचं, काय हा माणूस, काय त्याची नजर! दोघं नवरा-बायको याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. मला माहीत होतं, कारण मी रोज तिथे चहाच्या आशेने टपलेलो असायचो.

ती बाई आली तेव्हाही मी तिथेच होतो. तिशीतली, उन्हाने रापलेली, हिरवट शर्ट, उजवा हात खिशात. डाव्या हाताने तिने पिशवीतून एक फडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं. एका सुरीचे दोन तुकडे होते.

"मी जंगलात गार्ड आहे," ती म्हणाली. "लाकडं चोरणारे तिघे भेटले. एकाने कोयता उगारला. मी सुरी आडवी धरली. सुरी मोडली."

मग तिने उजवा हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

दाजींना तिचं बोलणं कितपत कळलं कोण जाणे, पण हात दिसला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, तुकडे खिडकीपाशी नेले आणि एका जागी नख टेकवलं.

"हे बघा. पातं मुठीत शिरतं ना, तिथे कानशीने सरळ काटकोन काढलाय. सगळा जोर असल्या कोपऱ्यात येऊन बसतो. इथे गोलाई द्यायला पाच मिनिटं जास्त लागली असती. त्या गाढवाने पाच मिनिटं वाचवली आणि तुमची दोन बोटं घालवली."

"मला लढायची सुरी हवी आहे," ती म्हणाली. आता ती जरा मोठ्याने बोलत होती. हुशार बाई, पाच मिनिटांत ओळखलंन. "तीन बोटांत फिरणार नाही अशी. आणि मोडणार नाही अशी. एक तारखेला मला कामावर हजर व्हायचंय. साहेब म्हणतात, ऑफिसात बसा, कागद सांभाळा. मी नाही म्हटलं. त्याच चढावर मी परत एकटी जाणार आहे."

"ते तिघे?"

"दोघे अजून मोकळे आहेत."

दंडाच्या बेडकुळ्या दाखवत, चकचकीत कट्यार मागायला येणारे वीर दाजींनी आजवर दारातूनच पिटाळले होते. लढायची सुरी त्यांनी जन्मात केली नव्हती. दोन्ही अंगांना धार, मधोमध उंच कणा, दोन्ही बाजू अगदी सारख्या. एक बाजू कागदभर जास्त जाड राहिली तरी तेलात बुडवताना पातं वाकडं होतं. हे सगळं मला त्यांनी नंतर समजावलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "करतो."

ती गेल्यावर ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू समजाव त्यांना. भाजीची सुरी मोडली तर माणूस शिव्या घालतो. ही मोडली तर ती पोरगी घरी परत येणार नाही."

मी बाहेर येऊन विचारलं, "दाजी, झेपेल ना हे?"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले.

कामाला लागल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. पहिल्या दिवशी त्यांनी त्या बाईच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला आणि म्हणाले, "आवळ. राग आल्यासारखा आवळ." मातीत तीन बोटांचे आणि तळव्याचे ठसे उठले, आणि जिथे बोटं नव्हती तिथे माती फुगून बाहेर आली. तो फुगवटा दाजी बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले. त्यावरून त्यांनी लाकडाची एक मूठ कोरली, तिला लाकडाचंच पातं लावलं, छताच्या आकड्याला भुशाने भरलेलं पोतं टांगलं आणि तिला सांगितलं, "मार." तिने मारलं. मूठ हातात फिरली. दुसऱ्या मुठीला खाली फुगवटा दिला, तीही फिरली. तिसरी फिरली नाही पण घामाने सटकली. बाईचे डोळे भरून आले. दुखण्याने असतील किंवा संतापाने. दाजींनी तिला पाणी दिलं आणि चौथं लाकूड उचललं.

"हे किती वेळा करणार आहात?" तिने विचारलं.

"फिरायची थांबेपर्यंत."

सहावी फिरली नाही. अंड्यासारखी लांबट गोल, म्हणजे न बघताही धार कुठल्या अंगाला आहे ते कळावं. गेलेल्या दोन बोटांच्या जागी लाकूडच भरून उभं होतं, आणि टोकाला एक आकडा, तळव्याच्या मनगटाकडच्या कडेला अडकणारा. तिने पोत्याला सतरा वेळा भोसकलं. भुसा सगळ्या खोलीभर झाला, आणि ती पहिल्यांदा हसली.

पातं त्यांनी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं. आठ दिवस. पात्याच्या मुळाशी, जिथे ती दुसरी सुरी मोडली होती, तिथे त्यांनी इतकी सुरेख गोलाई दिली की मीसुद्धा, ज्याला पोलादातलं काही कळत नाही, बोट फिरवून बघितलं. आणि इथे माझं तोंड मध्ये आलं.

दाजींचा एक ठसा होता. चौकोनात एक पान. पातं लाल असतानाच, मुठीजवळच्या जाड भागात ते हा ठसा मारायचे. या पात्याला तो त्यांनी मारलाच नव्हता, कारण जाड भाग सगळा मुठीखाली जाणार होता. मी म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं, "दाजी, जन्मातलं सगळ्यात चांगलं काम हे. आणि कोणी केलं ते कुणाला कळणारच नाही?"

नको तेव्हा नेमकं ऐकू येतं. ते थोडा वेळ पात्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पातं ऐरणीवर ठेवलं आणि तयार झालेल्या, थंड पात्यावर, मुठीच्या अगदी पुढे, मधोमध ठसा ठोकला. एकच घाव. सुंदर उठला. चौकोनाला चार कोपरे असतात हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

महिना संपायला चार दिवस उरले होते. त्या दिवशी दुपारी दाजींनी खिडक्या लावून अंधार केला, कारण लोखंडाचा रंग उजेडात फसवतो, आणि पातं तेलात बुडवलं. मग ते भट्टीशेजारी धरून त्याचा ताठा थोडा उतरवला, म्हणजे नुसतं कडक न राहता ते वाकून सरळही व्हावं. कडा वाळल्या गवतासारख्या पिवळ्या, कणा निळा. ती बाई आली तेव्हा पातं घासून पुसून टेबलावर होतं.

"वाजवून दाखवा ना," ती म्हणाली. "आमच्या साहेबांच्या घरी तुमची सुरी आहे. ते म्हणाले, कानाशी धरून देतात."

दाजींनी पातं दोन बोटांत लोंबतं धरलं आणि टिचकी मारली.

ठक्.

मी ऐकलं. दाजींनी पातं कानाशी नेलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. "छान," ते म्हणाले.

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ताई आठवडाभर दुपारची आमच्याकडे जात होती.

मी गप्प बसलो. मी चष्मेवाला, मला यातलं काय कळतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती. गिऱ्हाइकासमोर या माणसाचा पाणउतारा करायला माझी जीभ रेटेना, एवढंच खरं. त्या बाईने हात जोडले, एकतीस तारखेला दुपारी येऊन घेऊन जाते म्हणाली, आणि मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

संध्याकाळी घरी गेलो तर ताई माझ्या बायकोला औषध देत होती. "वाजवलं का?" तिने लगेच विचारलं.

"वाजवलं."

"कसं वाजलं?"

मी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, चमचा मारला. तो छान घुमला. मग मी पेल्याच्या काठावर बोट दाबून धरलं आणि परत मारला. "असं."

ताईने औषधाची बाटली खाली ठेवली. "आणि तू तिथे उभा होतास?"

मी पेला जागेवर ठेवला.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा दाजींनी मूठ बसवलीसुद्धा होती. डिंक सुकायला सुरी दोन फळ्यांत आवळून ठेवलेली, आणि हे समोर बसून कौतुकाने बघतायत. ताई त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"ते पातं फुटलंय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू इथे नव्हतीस."

"ह्याने ऐकलं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "याला? याला स्वतःच्या दुकानाच्या शटरचा आवाज ओळखता येत नाही!"

"अहो," ताई म्हणाली, "दोन वर्षं मी मधेच चहा आणते, तो काय तुमचा घसा सुकला म्हणून?"

दाजींचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीत होतं, ते आम्हाला दिसलं. पण मनातल्या मनात माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी तोंडावर सांगणं वेगळं. ते उठले आणि ओरडायला लागले. अडतीस वर्षं, एक पातं परत आलं नाही, घरात बसून मला शिकवता, असं बरंच काही. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. ताईने त्यांचं संपू दिलं.

"अकरा," ती म्हणाली. "दोन वर्षांत अकरा पाती मी मागे फिरवली आहेत. मी मोजली आहेत. हे बारावं. तुम्हाला खात्री असेल तर रॉकेल लावून बघा. खात्री नसेल तरीही बघा."

रॉकेलची परीक्षा दाजी नवशिक्यांची म्हणायचे. त्यांनी रागारागाने फडकं भिजवलं, पातं पुसलं, कोरडं केलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीत ओल धरतं. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. काही होईना. दाजींच्या मिशीत जरा हालचाल झाली. मग ठशाच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळपट रेघ निघाली आणि सावकाश धारेकडे गेली.

दाजींनी पातं टेबलाच्या कडेच्या व्हाइसमध्ये, त्या लोखंडी शिकंजात, आवळलं आणि मुठीवर एका हाताने दाब दिला. फार नाही, दार ढकलावं इतकाच. पातं तुटलं. तुटलेल्या जागी अर्धा भाग तेलाने काळा झालेला होता. ते बुडवतानाच तडकलं होतं, आणि तडकल्याचा आवाज झालाच असणार.

"कोपरा," ते म्हणाले. "मी तिला कोपरा दाखवला आणि मीच..."

ते ऐरणीच्या ओंडक्यावर बसले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस उद्या दुकानाला कुलूप लावणार आणि गॅलरीत बसून रस्ता बघत म्हातारा होणार. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तेवढी माझी हिंमत झाली नाही.

"ठसा मारा म्हणून मीच..." मी सुरुवात केली.

"हातोडा माझ्या हातात होता," ते म्हणाले. मग ते उठले, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "सकाळी सहाला ये. दुकान बंद ठेव. भाता फिरवायला माणूस पाहिजे."

चष्म्याच्या दुकानाला मी तीन दिवस टाळं लावलं. तीन दिवसांत मला एक कळलं की भाता फिरवणं हे बसून करायचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने ते केलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी माझा हात खांद्याच्या वर जाईना. चौसष्ट वर्षांचा तो माणूस मात्र घण खाली ठेवायला तयार नव्हता. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत करायचं म्हणजे घाई करायची, असं मला वाटलं होतं. त्यांनी घाई केली नाही, विश्रांती सोडली. जेवण उभ्याने. बोलणं बंद. पहिल्या दिवशी दुपारी माझ्याकडून भाता जास्त फिरला आणि पात्याच्या टोकाशी ठिणग्या उडाल्या. मला वाटलं, टोकच तर आहे, कापून टाकतील. त्यांनी अख्खं पातं कोपऱ्यात फेकलं.

"दाजी, तीनच दिवस आहेत!"

"जळलेलं पोलाद मी तिच्या हातात देणार नाही," ते म्हणाले, आणि पाट्याचा नवा तुकडा भट्टीत सारला. संध्याकाळी ताई शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, तेव्हा त्यांनी ती माझ्या खांद्यावर ठेवायला सांगितली आणि स्वतः कानस उचलली.

एकतीस तारखेच्या सकाळी पातं तयार झालं. कुठेही ठसा नाही. खिडक्या लावल्या, पातं तापवलं, तेलात गेलं. धूर खाली बसल्यावर दाजींनी खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरात गेले आणि तिथलं स्टूल उचलून घेऊन आले. ते त्यांनी ऐरणीजवळ ठेवलं.

"बस," ते ताईला म्हणाले.

ताई पदराला हात पुसत येऊन बसली. दाजींनी टिचकी मारली. मला वाजलेलं ऐकू आलं, पण दाजी माझ्याकडे बघत नव्हते. ताईने एक हात वर केला होता. पातं गुणगुणत होतं तोवर तो हात वर राहिला, आवाज विरत गेला तसा तो हळूहळू खाली आला आणि मांडीवर टेकला. दाजींनी त्या हाताचा सगळा प्रवास डोळ्यांनी ऐकला. मग त्यांनी पुन्हा टिचकी मारली, दुसऱ्या जागी. पाच वेळा. त्यानंतर रॉकेल आणि खडू, नवशिक्यासारखं. पूड पांढरीच राहिली. मग त्यांनी भट्टीशेजारी पात्याचा ताठा उतरवला, कडा पिवळ्या, कणा निळा, आणि ताईला पुन्हा स्टुलावर बसवून पुन्हा वाजवलं.

दुपारी ती बाई आली. खांद्याला बॅग, पायात नवे बूट, पाचची बस. टेबलावर बिनमुठीचं पातं बघून ती गोंधळली. "तुम्ही तर म्हणालात, मूठ..."

"बसा," दाजी म्हणाले. "आधी ऐका. त्या दिवशी मी तुमच्यासमोर वाजवलं ते पातं तडकलेलं होतं. मी तुम्हाला छान म्हणालो. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. ते पातं घेऊन तुम्ही गेला असतात."

त्यांनी कोपऱ्यातून मोडलेले तुकडे आणून तिच्यापुढे ठेवले. तिने ते हातात घेतले. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. मला वाटलं ती आता उठून जाईल, आणि गेली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती.

"हे नवं आहे," दाजी म्हणाले. "हे मी ऐकलं नाही. हिने ऐकलं. तुम्ही हिच्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. स्वतः मोडून बघा. मोडलं तर मी आजपासून पातं करणार नाही, आणि तुम्ही ऑफिसात बसा."

"अहो!" ताई म्हणाली. दाजींनी पातं टोकाकडून व्हाइसमध्ये आवळलं, मुळाला कोरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या लावून दोरीने घट्ट बांधल्या, आणि बाजूला झाले.

बाईने बॅग खाली ठेवली. उजव्या हाताने, त्या तीन बोटांनी, तिने ती कच्ची मूठ धरली. दाबली. पातं वाकलं. तिने सोडलं, ते सरळ झालं. तिने पुन्हा धरलं, पाय रोवले आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पातं कमानीसारखं वाकत गेलं. माझी नजर दाजींवर होती. ते पात्याकडे बघत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. तिने सोडलं. पातं थरथरत सरळ झालं, सुतासारखं.

ती मान खाली घालून उभी होती. तशीच, हलक्या आवाजात, ती काहीतरी म्हणाली.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते ताईकडे वळले, आणि आमच्या सगळ्यांसमोर, उघड, मोठ्याने त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती? मला ऐकू आलं नाही."

ताईचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "ती म्हणते, त्या दिवशी एवढाच जोर लागला होता. तेव्हा मोडली होती."

दाजींनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी व्हाइसचा दांडा धरला आणि आणखी अर्धा वेढा आवळला.

"आता त्याच्या दुप्पट लाव," ते तिला म्हणाले.

तिने शर्टाच्या बाह्या वर केल्या.